येतोच

फुजैराच्या समोर, रात्री,
समुद्रात दुसरं एक गाव दिसतं.
तेलाची जहाजं, नांगर टाकून उभी.
कुणी मालाची वाट बघतंय, कुणी हुकमाची,
कुणी नुसतंच.
शाल्मली गॅलरीत उभी राहून मोजते.
आज एक्क्याण्णव, म्हणते,
आणि मला कळतं, मी उशिरा आलोय.

माझं काम टाक्यांचं.
वरून टेप सोडायची, किती ओली झाली बघायची,
मिलिमीटरपर्यंत आकडा लिहायचा.
आत किती आहे ते झाकणाशी उभा राहून सांगतो मी.
"काय झालं?" या प्रश्नाला मात्र
पाच वर्षं एकच माप:
काही नाही.

भांडण झालं की मी गाडी धुतो.
वाळू रोज बसतेच, निमित्त शोधावं लागत नाही.
खिशात फोन थरथरतो.
एक. दोन. नऊ.
मी उचलत नाही म्हणून ती दहावा करते,
दहावा येतो म्हणून मी चाकंही घासायला घेतो.

तिचे वडील बोटीवर होते.
देवगडच्या घरी पंधरवड्याने त्यांचा फोन यायचा,
आला तर.
सात वर्षांची ती ताट घेऊन फोनपाशीच जेवायची.
न वाजलेली घंटी अजून तिच्या कानात आहे.

मी सहावीपासून वसतिगृहात.
पहिल्या रात्री रडलो तेव्हा रेक्टर दारातून म्हणाले,
झालं की दिवा मालव.
मी दिवा मालवायला शिकलो.
तेवढंच नीट शिकलो बहुधा.

तेव्हा हे कुठे जोडता येत होतं?
मी म्हणायचो, तू श्वास घेऊ देत नाहीस.
ती म्हणायची, भिंतीशी लग्न केलंय मी.
दोघंही खरं बोलत होतो
आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

मार्चात एकदा ती मला न्यायला फाटकापाशी आली.
मी वॉकीटॉकीवर होतो.
"चार नंबर, पंप बंद."
"चार नंबर, पंप बंद," मी म्हणालो.
कल्ब्याच्या वाटेवर तिने विचारलं,
त्याचंच वाक्य परत का म्हणतोस?
नियम आहे. ऐकलं ते परत सांगायचं.
नाहीतर भलताच व्हॉल्व्ह उघडतो.

कांदळवन येईपर्यंत गप्प होती.
मग करक चहाच्या टपरीपुढे गाडी थांबवून म्हणाली,
आता माझं म्हण. उत्तर नको. फक्त परत सांग.
तू फोन उचलला नाहीस की मला वाटतं, तू गेलास.

"मी फोन उचलत नाही, असं तुझं म्हणणं..."
चूक. परत.
"मी मुद्दाम..."
मुद्दाम मी म्हणालेच नाही.

चहावर साय धरली.
मागच्या गाडीने हॉर्न दिला, आम्ही हललो नाही.
"मी फोन उचलला नाही," मी म्हणालो,
"की तुला वाटतं, मी गेलो."

ती काही बोलली नाही.
कागदी पेल्याची कड दातांनी सोलत राहिली.

मग, तुझं सांग.
माझं सापडायला फार वेळ लागला.
टेप खाली जात राहिली, तळ लागेना.
"मला अर्धा तास लागतो. एकट्याला.
अर्ध्या तासाने मी येतोच."
"तुला अर्धा तास लागतो," ती म्हणाली,
"अर्ध्या तासाने येतोस."
"येतोच," मी दुरुस्त केलं.
त्या एका अक्षरापाशी तिने माझ्याकडे पाहिलं.

गाडी अजून धुतो मी.
खाली जाताना दारातून सांगतो, अर्धा तास.
कधी विसरतो, मग पूर्वीसारखंच सगळं, ताटं आपटण्यासकट.

काल बाविसाव्या मिनिटाला फोन वाजला.
ठरल्यापेक्षा आठ मिनिटं आधी.
साबणाच्या हातानेच उचलला.
"नव्वद," ती वरून म्हणाली. "एक निघालं वाटतं."
"नव्वद," मी म्हणालो.
"एक निघालं."