अर्जाचं दुसरं पान

अर्जाच्या दुसऱ्या पानावर शरीर मागितलं होतं.
पहिल्यावर नाव, पत्ता, टक्केवारी,
ते मी बसमध्येच भरलं, कावळा नाक्यापर्यंत.
दुसऱ्याला चार दिवस लागले.

पंचवीस किलो वजन उचलता येतं का?
येतं. कळशा खेपांत मोजल्यात आम्ही,
किलोत कधी मांडल्या नाहीत.
दिवसभर उभं राहता येतं का,
मान पडद्याकडं, हात पेशंटकडं,
सगळा भार एका मनगटावर?
करड्या रंगाच्या छटा वेगळ्या ओळखता येतात का?

इथं बाबांनी चष्मा पुसून पान हातात घेतलं.
शिरोलीच्या फाउंड्रीत एकतीस वर्षं गेली त्यांची.
ओली वाळू, जळकी वाळू, चाळलेली वाळू.
"करडा म्हंजे किती करडा, ते विचार की त्यास्नी.
आमच्याकडं सतरा हायती."
कास्टिंग निवलं की ते हातोडीनं एकदाच ठोकायचे
आणि कान द्यायचे.
आत पोकळी असली तर लोखंड खोटं बोलत नाही,
फक्त जरा लवकर गप्प होतं.

डावखुऱ्या आहात का, हे पानावर नव्हतं.
ते हुक्केरी मॅडमनी विचारलं, पहिल्याच दिवशी,
मी प्रोब डाव्या हातात घेतला तेव्हा.
मशीन डावीकडं, कॉट उजवीकडं, मधे एक स्टूल.
"ही सगळी खोलीच उजव्या हाताची आहे, बाई.
खोली काय बदलणार नाही."

तर उजवा हात शिकतोय. सहावा आठवडा.
रात्री तांदळाच्या डब्यात बोटं घालते,
तळाला टाकलेली सुपारी हुडकते,
न दाबता.
दाबलं की लगेच सापडते, पण
माणूस म्हणजे तांदूळ नव्हे.
आई विचारते, सुपारी धुतलीस का आधी?

जेल गार लागेल हे आधी सांगावं.
साडीची गाठ आपण सोडू नये, तिला सोडू द्यावी.
अंधाराला डोळे सरावेपर्यंत
काही दिसतंय असं म्हणू नये.
हे कुठल्याच पानावर नाही.

भिंतीवर लाल अक्षरांची पाटी आहे, कायद्याची.
तिच्याच खाली उभी राहून भुदरगडची एक सासू
कानाशी लागली : "पेढं सांगू का जिलेबी?
एवढंच बोला की, बाई."
मी भिंतीसारखा चेहरा केला.
तेव्हा वाटलं, चेहरा लागतो तो एवढ्यासाठीच.

मंगळवारी शबनम नदाफ. बावीस वर्षं. सातवा महिना.
हुपरीहून आलेली. नवरा दाराबाहेर,
पैंजण घडवून घडवून बोटं काळपट झालेला.
प्रोब ठेवला. डोकं दिसलं. कणा दिसला,
ओवून ठेवल्यासारखा, सरळ.
मग जिथं लुकलुकायला हवं तिथं थांबले.
थांबले.
आवाजाची कळ दाबली. नुसती खरखर,
केबल गेल्यावर टीव्ही करतो तशी.
ती म्हणाली, "झोपलंय व्हय?"

सांगायचा अधिकार माझा नाही अजून.
मॅडमना बोलवायचं, मॅडम बघणार,
मॅडम दार लावून, स्टूल ओढून, सांगणार.
मॅडम दुसऱ्या वॉर्डात होत्या.
मधली चार मिनिटं माझी.

चेहरा जागेवर ठेवला. खांदा खाली सोडला,
शिकवल्याप्रमाणे.
"मॅडमना एकदा दाखवूया," म्हणाले, आणि तो आवाज
माझाच होता.
तिनं परत विचारलं नाही. छताकडं बघत राहिली.
तिचं पोट पुसायला टिश्यू घेतला
आणि मग दिसलं, माझा डावा हात
केव्हाचा तिच्या मनगटावर आहे.
त्याला कुणी काही शिकवलं नव्हतं.

घरी भाकरी मोडली, तशीच ठेवली.
बाबा ताटावरून मान वर करून म्हणाले,
"आज लवकर गप्प झालीस."
बाकी काही विचारलं नाही.
हात धुऊन आले,
आणि तांदळाचा डबा माझ्याकडं सरकवला.