दुसरा केसपेपर

बुरूड गल्लीतल्या दवाखान्यात
गुरुवारी तीननंतर नंबर पुकारत नाहीत.
टीव्ही बंद, पंखा बारीक.
दारातलं काळं पायपुसणंही उचललंय,
कारण मागल्या खेपेला सुमन त्याच्या काठाशी थांबली
पाऊण तास, पदर खोचून:
"एवढी खोल हीर, आणि कठडा न्हाई?"
डॉक्टर पटवेगार बाहेर आल्या,
तिच्या शेजारी उभ्या राहून वाकून बघितलं,
म्हणाल्या, "खरंच की. मागल्या दारानं जाऊया."

मी नवरा तिचा. विश्वास कुंभोजे.
उद्यमनगरात एकोणचाळीस वर्षं लेथवर.
केसाइतका फरक बोटाला कळायचा.
हिचं झिजणं मात्र दोन वर्षं मापात आलं नाही.
आमटीत दोनदा मीठ. म्हटलं, वय.
कपिलतीर्थाच्या बाजारात वीसच्या नोटेवर
गिऱ्हाइकाला तिनं चारशे परत दिले.
म्हटलं, चष्मा बदलूया.
मग एका रात्री दिवा लावून माझ्याकडं बघत बसली.
"पावणं, कुणाच्यात आलाय?"
"कुंभोजेंच्यात."
"बसा मग. कारखाना सुटला की येतीलच ते."
बसलो.
तिच्यासोबत मीही वाट बघितली
माझी.

दवाखान्यात रंजना सिस्टर तिच्यापुढं
मेथी टाकते आणि जुनी तागडी.
सुमन निवडायला लागते, मान वर न करता.
"केवढ्याला घेतलीस?"
"तीसला जुडी, मावशी."
"खुळी झालीस व्हय गं! मला इचारायचं न्हाईस?"
तेवढ्या वेळात डॉक्टर माझ्याशी बोलतात.
सहा गोळ्यांतल्या दोन बंद.
गॅसची कळ रात्री काढून ठेवायची.
दिवेलागणीला ती "घरी जातो" म्हणते,
तेव्हा दार अडवायचं नाही,
चप्पल पायात घालायची, गल्लीला एक वेढा,
आणि आपल्याच दारात येऊन म्हणायचं, आलं बघ घर.

एवढं झाल्यावर त्यांनी कोरा केसपेपर ओढला.
"नाव?"
"सुमन विश्वास..."
"त्यांचं झालं. तुमचं."
"मला कुठं काय झालंय?"
"झोप किती लागते?"
मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं.
"बसून कधी जेवलात?"
बाहेर तागडीची साखळी वाजली.
मग आवाज खाली घेऊन,
"हात उचलला कधी?"

सांगायचं नव्हतं.
"मनगट धरलं. एकदा. जोरात.
तीनदा न्हाऊ घातलं होतं त्या दिवशी.
बांगडी पिचली."
केसाइतका फरक कळणारा हात
मी टेबलाखाली घेतला.
त्यांनी लिहून घेतलं. रागावल्या नाहीत.
समजूतही घातली नाही, ते बरं केलं.
पट्टा दंडाला गुंडाळला, फुगवला:
एकशे शहात्तर, वर शंभर.
"हा पेपर ह्या खोलीतच राहील.
दर गुरुवारी दोन्ही काढायचे.
आणि मंगळवारी दोन तास रंजना तुमच्याकडं.
तुम्ही बाहेर."
"कुठं?"
"कुठंही. फक्त औषधं आणायला नाही."

पहिल्या मंगळवारी कोपऱ्यापर्यंत गेलो,
परत आलो, खिडकीतून बघितलं,
पुन्हा गेलो.
शेवटी न्हाव्याच्या खुर्चीत बसलो.
साबण लावेपर्यंत शुद्ध होती.
डोळा उघडला तेव्हा गालावरचा फेस वाळलेला,
बाकावर तीन माणसं खोळंबलेली,
आणि बापू माझ्या मागं उभा,
वस्तरा मिटून, आरशात माझ्याकडं बघत.
"असू दे काका," म्हणाला. "झोपा आणखी."

घरी आलो. गुळगुळीत दाढी, मानेला पावडर.
सुमननं दारातच निरखलं.
"आलासा व्हय? किती उशीर!
ते पावणं बसून बसून गेलं मघाशी.
भला माणूस. लई दमलेला दिसला.
च्या तरी पाजायचा होता त्याला."