परुस

मला विहिरीत पोहायला शिकवलं
पाठीला सुका भोपळा बांधून.
भोपळ्याला एकच ठाऊक असतं : वर.

प्रज्योतच्या पाठीला टाकी.
मालवणला दोन दिवस शिकलेला,
उरलेलं मोबाइलवर पाहून.
बामणोलीच्या धक्क्यावर म्हणाला,
बुडालेल्या घराच्या जोत्याला हात लावून येतो,
तोवर चहा सांगून ठेव.

मी होडीत, हातात सोल.
परुसाला एक गाठ.

सातवी गेली. आमच्या विहिरीचा तळ इथंच.
बारावीला एक हिसका : ठीक आहे.
अठरा.
एकविसावीनंतर सोल नुसता हलायला लागला,
खूण नव्हती ती;
पिऊन आलेल्या माणसानं
आपल्याच दाराची कडी वाजवत राहावी, तसं.

मी ओढला.
दोन्ही हातांनी, जीव खाऊन, न थांबता.

वर आला तो हसत होता.
"दार उघडंच होतं रे," म्हणाला.
मेढ्याच्या अलीकडे जीपमध्ये
म्हणाला, पाय कुठं ठेवलेस माझे?

थांबत थांबत आणायचं असतं माणसाला,
हे साताऱ्यात डॉक्टरनं सांगितलं.
मला भोपळ्याएवढंच ठाऊक होतं.

सोल खुंटीवर आहे.
गाठी अजून ओल्या लागतात हाताला.