एकशे पंचाहत्तर

मकरपुऱ्यातला शेड, पत्र्याचं छप्पर,
शाळेच्या कपाटाएवढी आमची भट्टी.
आत पाच सर्किटच्या पाट्या, बाहेर मे महिना, चव्वेचाळीस.
"हिच्या मानाने आपण सापुताऱ्यात आहोत, हेमांगीबेन,"
जशुभाई म्हणतात, आणि मान पुसतात.

आधीची पाटी काचेच्या कारखान्यातून परत आली होती,
चारच महिन्यांत.
सोबतच्या चिठ्ठीवर एक ओळ:
खोटं तापमान दाखवते.

झाकण उघडलं. हिरवा रंग तपकिरी पडलेला,
करपलेल्या भाकरीचा वास,
कपॅसिटरचं डोकं फुगून वर आलेलं,
आतला द्राव कधीचाच उडून गेलेला.
अंगावर अजून स्वच्छ वाचता येत होतं: १०५ अंश.
त्यानं काहीच लपवलं नव्हतं.
मी ते वाचलंही होतं,
वाचून म्हटलं होतं, भागेल.

दर दहा अंशांमागे आयुष्य निम्मं.
उपासनी बाईंनी फळ्यावर हे लिहिलं
तेव्हा मी वीस वर्षांची होते.
निम्मं म्हणजे किती, हे कळायचं ते वय नव्हतं.

मग सगळं पुन्हा मांडलं.
जे सुकू शकतं ते सुकणारच, म्हणून द्राव नको.
मातीचे कपॅसिटर घेतले,
ते आधीच एकदा भट्टीतून आलेले असतात.
एकशे त्र्याऐंशीला पाघळणारा डाख नको.
आणि ज्याच्यात शंभराची ताकद आहे
त्याच्याकडून चाळीसच मागायचे.
इथे किरणभाईंशी भांडण झालं.
"पैसे तर शंभराचेच दिलेत ना?"
होय. तेवढ्यासाठीच दिलेत.

तारा मी ताठ ओढल्या होत्या, नीटनेटक्या, फोटोत छान दिसतील अशा.
जशुभाईंनी चिमटा घेतला,
एकेका तारेला मधोमध हलकी कमान दिली.
"ढील आप, बेन."
उत्तरायणात छपरावर ओरडतात तसं, पण कुजबुजत.
तापलं की माती सहा पावलं सरकते
आणि पाटी सोळा.
तडा उष्णतेनं जातो असं नाही,
जाण्यायेण्यानं जातो.
गार होताना, रात्री, कुणी बघत नसताना.

नऊशे अठ्ठ्याऐंशीव्या तासाला वीज गेली.
हजाराला बारा कमी.
भट्टी निवत गेली, आत कुठेतरी
टक्, टक्, पत्रा आवळत होता
की दुसरं काही, कळेना.
जनरेटर तिसऱ्या झटक्याला लागला.
आम्ही चहा मागवला आणि प्यालो नाही.

पुन्हा चढली. पडद्यावर पाच आकडे:
१७५, १७५, १७६, १७५, १७५.
"तिसरी गेली," मी म्हटलं.
एवढं करून एक अंश.
पाचातली एकच, तरी पोटात गोळा.

जशुभाई बोलले नाहीत.
खणातून जुना पाऱ्याचा थर्मामीटर काढला,
वरच्या भोकातून खाली सोडला,
कप्प्याकप्प्यात फिरवला, प्रत्येक ठिकाणी
पाच मिनिटं, घड्याळ बघून.
मग चष्मा कपाळावर सरकवून मला दाखवला.

सगळीकडे एकशे शहात्तर.

वहीत लिहिलं: तास ९८८, वीज खंडित.
एक खरं बोलते आहे.
चौघी तपासायच्या.