तिसरं उत्तर

हिंगणा एमआयडीसीत, पत्र्याच्या शेडवर चढवलेल्या मजल्यावर
आम्ही तिघं,
आणि टेबलावर तीन कंपन्यांचे तीन बोर्ड.
पाण्याचं मीटर एकच, पोटातली चिप वेगळी.
जुन्या चिपवाल्यांचं दोन ओळींचं पत्र आलं होतं:
हे मॉडेल बंद करत आहोत. दिलगीर आहोत.

मे महिना. कूलरच्या ताट्या वाळून खडखडीत.
निखाडे म्हणाला, "सॉफ्टवेअर तं तेच हाय न मॅडम,
इथून उचलाचं, तिथं ठेवाचं. काहून एवढं टेन्शन?"

उचलायचं, ठेवायचं.
मी त्याला बाबांबद्दल काही सांगितलं नाही.

बाबा लोकांच्या पंगतीला सावजी रस्सा करायला जात,
उमरेड, काटोल, कधी इथेच इतवारीत.
मसाला घरून भाजून वाटून नेत,
पुरचुंडी कमरेला,
झोपतानाही सोडत नसत.
पोचल्यावर आधी चूल पाहत:
लाकूड बाभळीचं की आंब्याचं, भट्टी डिझेलची की सिलिंडरची,
गंजाचं बूड किती जाड.
पाण्याचा एक थेंब टाकत आणि ऐकत.
चूल परकी, हात आपला.
मधलं जे काही होतं ते त्यांनी कुठे लिहून ठेवलं नाही.

मला मात्र ते मधलंच लिहायचं होतं.
एक पातळ थर. वरून सगळ्यांना सारखेच शब्द:
किल्ली ठेव. किल्ली वापर. किल्ली कोणाला दाखवू नको.
खाली प्रत्येक चिपची आपापली बोली.
एकीत किल्लीसाठी कोठडी, चारही भिंती पक्क्या.
दुसरीत भिंत नाही, नुसती खडूची रेघ
आणि रेघ पाळायचा शब्द.
तिसरीचं माहितीपत्रक नऊशे पानांचं,
हवं ते पान तेवढं करार केल्याशिवाय देत नाहीत.

जून लागला. तिन्ही बोर्डांवर चाचण्या हिरव्या.
निखाडेने तर्री-पोहे मागवले.
प्रणोती लांजेवार, इंटर्न, भंडाऱ्याची, खात नव्हती.
तिने तिसऱ्या बोर्डाला चार तारा जोडल्या होत्या.
"ताई, हे बघता का?"

पडद्यावर आमची किल्ली.
बत्तीसच्या बत्तीस बाइट,
दोरीवर वाळत घातल्यासारखी.

पहिल्या दोघींत एक म्हणजे बंद.
तिसरीत एक म्हणजे उघडं.
दर वेळी सुरू होताना, मोठ्या काळजीने,
आम्ही दार सताड उघडत होतो,
आणि विचारलं की आमचाच थर सांगत होता: लागलंय.
चाचणीने चिपला विचारलंच नव्हतं.
आम्ही आम्हालाच विचारून खूश होतो.

तर्री पोह्यांत जिरून गेली.

बिट उलटा केला. "झालं," निखाडे म्हणाला.
झालंही. प्रणोतीच्या तारांना आता काही दिसेना.
पण उद्या हे मीटर जरीपटक्यात कोणाच्या मोरीत बसेल,
तिथे प्रणोती नसेल,
आणि आपलं कुलूप लागलंय का हे
तिसरी चिप स्वतःला वाचू देत नाही.
देत असेलही. ते त्या पानावर असणार.

वर्धा रोडच्या नव्या हॉलमध्ये एकदा काचेच्या शेगड्या होत्या.
बाबांनी थेंब टाकला. थेंब तसाच.
तळहात धरून पाहिला.
"जाळ दिसत नाही मले," म्हणाले,
आणि पुरचुंडी न सोडता बसने घरी.
ॲडव्हान्स परत करावा लागला. आई महिनाभर बोलत होती.

सकाळी मी थरात एक उत्तर वाढवलं.
लागलंय. नाही लागलं. मला माहीत नाही.
आणि माहीत नसेल
तर गाठ सोडू नको, सुरूच होऊ नको.

साहेब आले. तीन सांगितले होते, म्हणाले, दोनच चालतात.
तिसराही चालतो, मी म्हटलं. तो नाही म्हणतोय.
ते त्यांना पटलं असं मला वाटत नाही.

प्रणोती पुन्हा त्या कंपनीला लिहीत होती,
त्या एका पानासाठी, चौथ्यांदा.
टेबलावर लाल दिवा, लागतोय, विझतोय.
निखाडे बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसला.
"लय आडमुठं हाय बे हे," म्हणाला,
आणि त्याचा प्लग काही काढला नाही.