दुतोंड्या

सातपूरचा क्लास बंद केला तेव्हा
भंगारवाल्याने नऊ कॉम्प्युटर वजनावर मागितले.
सहा दिले.
तीन का ठेवले, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

पाच नंबरवर अजून माझ्या अक्षरातली चिठ्ठी आहे:
ओल्या हाताने बसू नये.
याच्यावर वर्प्यांच्या मुलीने टायपिंगची परीक्षा दिली,
आणि कुणीतरी, कोण ते कळलंच नाही,
केसच्या कडेला कर्कटकाने 'सु' कोरलं.

सराफ बाजारातून स्टुडिओवाले दुसाने आले.
टेबलावर एक काळी डबी ठेवली, तपकिरीच्या डबीएवढी.
"एकोणीस वर्षांची लग्नं आहेत यात."
पुराच्या साली निगेटिव्हची खोकी दुकानातच राहिली होती.
पाणी ओसरल्यावर चिखलातून
एकमेकींना चिकटलेल्या नवऱ्या निघाल्या.

मी पाच नंबर उघडला.
आत बारा वर्षांची धूळ, पालीचं एक अंडं.
सात नंबरची रॅम याला दिली,
नऊ नंबरचा पॉवर सप्लाय.
डिस्क मात्र नव्या आणल्या, दोन.
जुन्या घरात राहता येतं,
जुन्या दोराला लोंबकळता येत नाही.

एकीवर जे लिहिलं जाईल
ते त्याच क्षणी दुसरीवर.
मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही,
राउटरमधून आलेली एक निळी वायर.
विचारलं तरच बोलणार.

मशीनला नाव काय द्यायचं?
दुसाने म्हणाले, दुतोंड्या.
पाणी किती चढलं ते आम्ही त्यालाच विचारतो:
गुडघा, कंबर, छाती.

रात्रभर लग्नं चढत राहिली.
सकाळी मी चालू मशीनमधून एक डिस्क उपटली.
"अहो मॅडम!"
"कधीतरी ती आपणहून जाणारच. तेव्हा कळून काय उपयोग?"
नारिंगी दिवा लागला.
"मागा एखादा फोटो."
त्यांनी ओझरचं लग्न मागितलं, दोन हजार नऊचं.

आला.
अक्षता हवेत, नवरा-नवरी कुठेतरी कडेला,
आणि मधोमध वरबाप
तोंड भरून जांभई देतोय.

"ही जांभईसुद्धा दोनदा ठेवायची?"
"दोनदा इथे. आणि तिसऱ्यांदा
तुमच्या भाचीकडे, सिन्नरला. चढावर."

डिस्क परत बसवली.
पाच नंबर घुरघुरत लिहायला लागला,
सगळी लग्नं पुन्हा पहिल्यापासून,
मोडलेलीसुद्धा.