डावखुरी शिंपी

अजब बंगल्याच्या मागच्या खोलीत,
लोखंडी कपाटाच्या चौथ्या खणात, कापसावर
एक शिंपी.
चिठ्ठीवर माझ्या आधीच्या कारकुनाचं तिरकं अक्षर:
समुद्री. स्थळ अज्ञात. बहुधा दागिना.

मे महिना. कूलरमधलं पाणी आटलेलं.
माझं काम नोंदी पडताळायचं, म्हणजे
आहे ते आहे ना, एवढंच बघायचं.
पण हिची कड एकाच बाजूने झिजलेली,
आणि दागिना असा झिजत नाही.
दागिना गळ्याशी लागून गुळगुळीत होतो.
ही कामाने उतरलीय, जुन्या विळ्यासारखी.

डब्यासोबत पन्हं होतं, म्हणून आठवलं असेल:
कन्हानच्या काठी कौतिकाबाई दुधपचारे
शिंपीने कैऱ्या सोलायची.
नदीतलीच शिंपी. पाठ दगडावर घासून पाडलेलं भोक,
भोकातून साल निघायची ओल्या फितीसारखी.
"चाकूले घाई रायते वं पोरी,
शिंपीले नाई रायत."
त्याच शिंपीने मासोळीचे खवले,
कढईच्या बुडाची खरवड,
आणि एकदा तापलेल्या नातवाच्या ओठांत
दोन थेंब औषध.

समुद्र इथून कुठल्याही दिशेला लांबच.
शून्य मैलाच्या दगडापासून सगळ्या गावांची अंतरं मोजली,
हिचं कोणी मोजलं नाही.
कुणाच्या कमरेला बांधून आली असेल,
मिठाच्या बदल्यात, भांडणाच्या भरपाईत,
किंवा उगाच, आवडली म्हणून.
आणि पोचल्यावर कोणी तिची पूजा मांडली नाही.
हरणाचं कातडं खरवडलं.
कंद सोलले. चुलीतली राख ओढली.
धार गेली की दगडावर घासली, पुन्हा कातडं.

हातमोजा काढला. नियमात बसत नाही ते.
उजव्या हातात शिंपी राहीना, अंगठा घसरत होता.
डाव्यात धरली
आणि झिजेची खोबण
अंगठ्याखाली येऊन थांबली.

दुसरीत असताना याच हातावर
मी पट्ट्या खाल्ल्यात, पाटीवर डाव्याने लिहिते म्हणून.
तिला कोणी मारलं असेल का?
नसेल. कातडं साफ झालं, बास.

"दागिना" खोडलं. "अवजार" लिहिलं.
खाली बारीक: डावखुऱ्या हाताचं.
साहेब खोडतील, पेन्सिलनेच लिहिलंय.
खण लावताना शिंपी कापसावर
पालथी ठेवली,
धुतल्यावर निथळायला ठेवतात तशी.